डोक्याला मार लागल्यानंतर पुन्हा कामावर जाताना : मिळणारे पैसे बंद होतात का?



इथे मी नेहमी अपूर्णांक, जोडाक्षरं, परिसर अभ्यास असं लिहिते. आजचा विषय जरा वेगळा आहे. पण तो शेवटी शतमान, वेळापत्रक आणि पाठ टाचण यांच्यावरच येऊन थांबतो, त्यामुळे वाट चुकली असं समजू नका.

गेल्या पालक सभेनंतर एक पालक मागे थांबले. मुलगा तिसरीत. वडिलांना आठ महिन्यांपूर्वी कंपनीत डोक्याला मार लागला होता. सगळे गेल्यावर हळूच म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरी पण असंच झालं होतं ना? मला कामावर जावंसं वाटतंय, पण गेलो तर चालू असलेले पैसे बंद होतील म्हणतात. मग काम नाही जमलं तर? दोन्हीकडून जाईन मी."

हाच प्रश्न आमच्या घरी चार महिने मुक्कामाला होता. त्या चार महिन्यांत आम्ही शेजारी, नातेवाईक, चहाची टपरी सगळ्यांना विचारलं. ज्या ऑफिसात विचारायला हवं होतं, तिथे मात्र सगळ्यात शेवटी गेलो. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख.

१) आमच्या घरी काय झालं

माझे मिस्टर एमआयडीसीतल्या एका कंपनीत मशीन ऑपरेटर होते. साफसफाईच्या दिवशी शिडीवरून घसरले आणि डोकं जमिनीवर आदळलं. अकरा दिवस दवाखान्यात होते. घरी आले तेव्हा हातपाय धड, बोलणं धड. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "देव पावला, काही झालं नाही."

पण झालं होतं. सकाळी सांगितलेलं दुपारी आठवायचं नाही. मिक्सर लावला की दोन्ही हातांनी कान धरायचे. भाजीवाल्याशी हिशोब करताना दोनशेच्या नोटेकडे बघत बसायचे. आणि राग! आमच्या मुलीने पेन्सिल पाडली तरी ओरडायचे. ती तेव्हा दुसरीत होती. एक दिवस मला म्हणाली, "आई, पप्पा दवाखान्यातून बदलून आले का?"

मी शिक्षिका. वर्गात एखादं मूल मागे पडलं की आधी कारण शोधायचं, हे डी.एड.ला घोकून आलेली. घरात मात्र मी रोज चिडायचे. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, वायू सुटत राहिला आणि ते शेजारी खुर्चीवर शांत बसलेले. मी शाळेतून आले, दार उघडलं आणि वास आला. खिडक्या उघडल्या आणि मग तोंड सोडलं, "एवढंही लक्ष देता येत नाही?" ते काहीच बोलले नाहीत. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगून नाकाशी कॉफी धरली, मग साबण धरला. त्यांना दोन्ही ओळखता आले नाहीत. डोक्याच्या मारानंतर वासाची जाणीव जाऊ शकते, हे मला तेव्हा कळलं. लक्ष नव्हतं असं नाही. त्यांना वास येतच नव्हता. त्या दिवशी मी त्यांची माफी मागितली आणि अभ्यासाला लागले.

२) मेंदूला मार म्हणजे नेमकं काय?

थोडक्यात पाहू.

मेंदूचा पुढचा भाग नियोजन, निर्णय आणि रागावर ताबा ही कामं बघतो. कानांच्या बाजूचा भाग आठवण आणि भाषेत मदत करतो. मागचा भाग दृष्टीचा. खालचा छोटा मेंदू तोल सांभाळतो. त्यामुळे मार कुठे बसला यावर त्रास ठरतो. शिवाय डोकं जोरात हलल्याने मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. ते साध्या सीटी स्कॅनमध्ये दिसतीलच असं नाही. म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आहे" आणि "माणूस पूर्ण बरा आहे" ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

कागदपत्रांवर "जीसीएस" असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. ते म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी ते मांडलं. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांना गुण देतात. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. १३ ते १५ म्हणजे सौम्य इजा, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा कमी म्हणजे गंभीर. हे सुरुवातीच्या स्थितीचे गुण आहेत. वर्षभरानंतर माणसाला हिशोब जमेल का, हे त्यावरून नक्की सांगता येत नाही. पहिल्या घटक चाचणीवरून वार्षिक निकाल आपण तरी कुठे लावतो?

या विषयात एक जुनी गोष्ट नेहमी सांगितली जाते. अमेरिकेत १८४८ साली फिनिअस गेज नावाच्या रेल्वेच्या मुकादमाच्या डोक्यातून सुरुंगाची लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण स्वभाव इतका बदलला की मालकांनी जुनी जागा परत दिली नाही. गोष्ट बहुतेक इथेच संपवतात. पण पुढे तो घोड्यांच्या तबेल्यात राबला आणि चिलीमध्ये जाऊन काही वर्षं घोडागाडी हाकत होता. म्हणजे तो कामावर परतला होता, फक्त काम बदललं होतं. रोज तोच रस्ता, तीच वेळ, तेच घोडे. मला या गोष्टीतला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

३) मुख्य प्रश्न : कामावर गेलं की पैसे बंद?

उत्तर "हो" पण आहे आणि "नाही" पण. कारण पैसे दोन प्रकारचे असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. ज्यांचा ईएसआय कापला जातो, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत जे आहेत, त्यांच्याबद्दल आधी सांगते.

तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ : कामावर अपघात झाला आणि उपचार चालू आहेत, तोवर सरासरी रोजच्या मजुरीच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. ईएसआयच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. ज्या दिवसाचा पगार घेतला, त्या दिवसाचा हा लाभ नाही. म्हणजे कामावर गेलं की हा थांबतो, आणि ते बरोबरच आहे. "दोन दिवस गुपचूप जाऊन बघतो" असं करू नका. एकाच दिवसाचा पगार आणि लाभ दोन्ही घेणं हा गुन्हा ठरू शकतो.

कायमच्या अपंगत्वाचा लाभ : उपचार संपत आले की मेडिकल बोर्ड तपासतं आणि कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं. त्या टक्क्यांच्या प्रमाणात रक्कम आयुष्यभर मिळते. आणि नीट वाचा, माणूस पुन्हा कामावर गेला तरी ही रक्कम चालू राहते. कारण ती घरी बसण्याबद्दल मिळत नाही, गेलेल्या क्षमतेबद्दल मिळते. बोर्डाने टक्केवारी तात्पुरती दिली असेल तर पुन्हा बोलावून तपासतात, तेवढं लक्षात ठेवा.

आता एक शाब्दिक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत.

एका कामगाराची रोजची सरासरी मजुरी ६०० रुपये. महिन्याचे कामाचे दिवस २६.

- अपघाताआधीचा पगार : ६०० × २६ = १५,६०० रुपये
- उपचार चालू असताना : ६०० चे ९० टक्के = ५४० रुपये रोज, ३० दिवसांचे १६,२०० रुपये
- बोर्डाने कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं ठरवलं : ५४० चे ३० टक्के = १६२ रुपये रोज, ३० दिवसांचे ४,८६० रुपये
- हलकं काम मिळालं, रोज ४५० रुपये : ४५० × २६ = ११,७०० रुपये

प्रश्न : तो घरी बसला तर महिन्याला किती? उत्तर : ४,८६०.
प्रश्न : हलक्या कामावर गेला तर किती? उत्तर : ११,७०० + ४,८६० = १६,५६०.

हे गणित मी आमच्या स्वयंपाकघरातल्या फळ्यावर मांडलं तेव्हा मिस्टर बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे मी चार महिने उगाच घाबरलो?" उगाच नाही म्हणता येणार. आम्हाला कुणी दोन लाभ वेगळे करून सांगितलेच नव्हते.

आणखी तीन गोष्टी :

- अपघात कामावर झाल्याची नोंद आणि रिपोर्ट झालाच पाहिजे. तो नसेल तर प्रकरण साध्या आजारपणात जातं. तिथे सुमारे ७० टक्के आणि तेही वर्षाला ९१ दिवसांपर्यंतच.
- घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही, कामाशी संबंध सिद्ध झाला तर, कामावरचाच धरतात. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं.
- बोर्डाचा निर्णय पटला नाही तर अपील करता येतं. त्याला मुदत असते, म्हणून निर्णयाचा कागद हातात पडलेली तारीख लिहून ठेवा.

आमच्या वेळी १९४८ चा कायदा लागू होता. लाभ चालू असताना कामगाराला काढून टाकता येत नाही, असं त्याच्या कलम ७३ मध्ये होतं. नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. म्हणून आपल्या शाखा कार्यालयात जाऊन सध्याचा नियम लेखी विचारा. टपरीवर विचारू नका, आम्ही विचारून बसलो होतो.

४) टक्का कशाचा? हे आधी विचारा

पाचवी-सहावीच्या मुलांना मी नेहमी विचारते, "४० टक्के, पण कशाचे?" मोठ्या माणसांनाही हाच प्रश्न विचारायला हवा. कारण इथे टक्के तीन प्रकारचे आहेत : शरीराच्या अपंगत्वाचे, कमाईची क्षमता गेल्याचे, आणि पगाराचे.

हे तिन्ही एक नसतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली एका सुताराच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. त्याचा डावा हात कोपरापासून गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्यासाठी नुकसान १०० टक्के धरलं गेलं. पुढे २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या रस्ता अपघाताच्या खटल्यातही न्यायालयाने सांगितलं, की अवयवाचे टक्के आणि कमाईच्या नुकसानीचे टक्के सरसकट सारखे धरू नयेत, त्या माणसाचं काम काय होतं ते बघावं.

मेंदूच्या इजेत हे फार लागू पडतं. हातपाय शाबूत असलेला माणूस चालत बोर्डासमोर जातो, नमस्कार करतो, नाव सांगतो. दहा मिनिटांत विसराळूपणा कुणाला दिसणार? म्हणून मी एक वही केली. रोज दोन ओळी : काय विसरले, किती वेळ काम केल्यावर डोकं दुखलं, कोणत्या आवाजाने त्रास झाला. आपण विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवतो ना, अगदी तशाच. ती वही आणि स्मरणशक्तीच्या तपासणीचा रिपोर्ट आम्ही बोर्डासमोर ठेवला. "त्यांना त्रास होतो" असं तोंडी सांगण्यापेक्षा तारखा असलेल्या नोंदी जास्त बोलतात.

५) ज्यांना ईएसआय नाही त्यांचं काय?

रस्त्यावर अपघात झाला असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. पुन्हा काम सुरू केलं म्हणून दावा आपोआप संपत नाही. आधी काय कमवत होता आणि आता काय कमवू शकतो, यातला फरक तिथे मांडायचा असतो.

आपल्याकडची संजय गांधी निराधार अनुदान योजना मात्र उत्पन्नाच्या मर्यादेवर चालते. तिथे कमाई वाढली तर अनुदान बंद होऊ शकतं. म्हणजे शेजारच्या काकू सांगतात ते या योजनेबाबत खरं आहे. चूक एवढीच होते, की तोच नियम सगळीकडे लावला जातो.

आणि दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल : २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकार आहेत, पण "मेंदूला मार" असा स्वतंत्र प्रकार नाही. त्यातून जे राहिलं, म्हणजे हालचालीची अडचण, वाचा गेली असेल तर वाचा-भाषा दोष, नजर कमी झाली असेल तर अल्पदृष्टी, मानसिक आजार, यांपैकी ज्यात बसेल त्यात तपासणी होते. बऱ्याच सवलतींसाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त लागतात. नुसता थकवा आणि विसराळूपणा या चौकटीत नीट बसत नाही. हे चुकीचं वाटतं मला, पण अर्ज करण्याआधी माहीत असलेलं बरं.

६) पुन्हा कामावर जाण्याचं पाठ टाचण

आमचा पहिला प्रयत्न फसला. मिस्टर थेट जुन्या मशीनवर, पूर्ण पाळीवर गेले. तिसऱ्या दिवशी डोकं धरून घरी आले, सुपरवायझरशी भांडण करून. ऑफिसमधल्या एकाने सांगितलं, "शंभर टक्के फिट असं लिहून आणा, नाहीतर येऊ नका." त्या रात्री ते जेवले नाहीत.

मी विचार केला, पहिलीतल्या मुलाला आपण पहिल्याच दिवशी उतारा वाचायला देतो का? मग डॉक्टरांशी बोलून पायऱ्या पाडल्या :

१. घरी तयारी. सकाळी ठरल्या वेळी उठणं, डबा, बूट, पिशवी. फळ्यावर वार, तारीख आणि त्या दिवसाची तीन कामं. फळा लिहिण्याचं काम आमच्या मुलीचं. शाळेत फळ्यावर दिनांक लिहितात तसं ती रोज लिहायची, आणि पप्पा वाचून दाखवायचे. ती हळूहळू पुन्हा त्यांच्या जवळ जायला लागली ती या फळ्यामुळेच.

२. फक्त प्रवास. एक आठवडा कंपनीच्या गेटपर्यंत जाऊन परत. गाडी चालवायची नाही. मारानंतर फिट येण्याचा धोका काहींना राहतो. म्हणून गाडी, उंचावरचं काम, फिरतं मशीन हे डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय नाहीच.

३. अर्धा दिवस, दिवसपाळी. रात्रपाळीने झोप मोडते आणि मेंदूची इजा झालेल्याला झोप औषधाइतकीच लागते.

४. एका वेळी एकच सूचना. "हे कर, ते आण आणि येताना त्याला सांग" असं नाही. सूचना वहीत लिहायची, झाली की टिक.

५. मधली सुट्टी. दर दीड तासाने दहा मिनिटं शांत जागी. हा आळस नाही. थकलेला मेंदू चुका करतो, आणि मशीनजवळची चूक महागात पडते.

डॉक्टरांनी "फिट" किंवा "अनफिट" एवढंच न लिहिता कोणतं काम करू शकतो आणि कोणतं नाही ते लिहून दिलं. तो कागद घेऊन आम्ही दोघं गेलो. स्टोअरमध्ये काम मिळालं. पगार कमी. पण रॅकना रंगीत पट्ट्या लावल्या, लाल, हिरवी, पिवळी, जशा मी वर्गात गटांना लावते. आज ते पूर्ण दिवस जातात. अजून नावं विसरतात. वास अजून येत नाही, म्हणून स्वयंपाकघरात गॅस गळतीची सूचना देणारं यंत्र बसवलंय.

७) आपल्या शिक्षक सहकाऱ्यांसाठी

हे जरूर वाचा. २०१६ च्या त्याच अधिनियमाचं कलम २०(४) सांगतं, की सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि पदावनतही करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं. तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवायचं. या व्याख्येत स्थानिक संस्था आणि शासनाचं अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात, म्हणजे जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळासुद्धा. खासगी कंपनीला हे कलम लागू नाही, म्हणून आमच्या उपयोगाचं नव्हतं.

आधीच्या १९९५ च्या कायद्यातही कलम ४७ मध्ये असंच संरक्षण होतं. कुणाल सिंह या जवानाचा पाय कापावा लागला आणि त्यांना अपंगत्वाचं निवृत्तिवेतन देऊन सेवेतून कमी केलं. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की निवृत्तिवेतन मिळालं म्हणून हे संरक्षण नाकारता येणार नाही. तेव्हा दवाखान्यातून आल्या आल्या, घाबरून किंवा कुणाच्या सांगण्यावरून, राजीनाम्यावर किंवा स्वेच्छानिवृत्तीवर सही करू नका. निदान सहा महिने थांबा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

८) आणि वर्गातलं मूल

ज्यांच्या घरात असं झालंय ते मूल सांगत नाही. गृहपाठ येत नाही, पालकांची सही चुकीच्या पानावर येते, मूल मोठ्या आवाजाला दचकतं. त्याला सगळ्यांसमोर "बाबांना काय झालं?" असं विचारू नका. मधल्या सुट्टीत जवळ बसा. आणि त्याला एक वाक्य द्या, जे मी माझ्या मुलीला दिलं होतं : "पप्पांचा राग तुझ्यावर नाही. त्यांचं डोकं दमलंय."

हेल्मेटचं तर आपण सांगतोच. कायद्याने चार वर्षांवरच्या मुलालाही गाडीवर ते लागतं. शाळेच्या गेटवर उभं राहून पाहा, किती मुलांच्या डोक्यावर असतं ते.

त्या पालकांना मी फळ्यावर तेच गणित मांडून दाखवलं. आकडे त्यांचेच घेतले. मग म्हटलं, "घाबरू नका, पण घाईही करू नका. आधी शाखा कार्यालयात जाऊन विचारा, तुमचा चालू लाभ तात्पुरता आहे की कायमचा." त्यांनी तो प्रश्न मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतला. स्वतः लिहिला, सावकाश, एकेक अक्षर.

तुमच्या शाळेत असे पालक असतील तर त्यांनाही हे गणित मांडून दाखवा. अवघड नाही, शतमानाचं तर आहे.